शिवगंगेवरचा कापूर

शामण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी दाढी करत होतो. त्याच्या दुकानातला कारागीर दारात येऊन म्हणाला, "अण्णा गेले." मी "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणालो आणि उरलेली अर्धी दाढी पुरी केली. त्याला महिना होऊन गेला. अजून मला रडू आलेलं नाही. घरचे म्हणतात, येईल... येईल तेव्हा येईल.

चामराजपेटेत त्याचं शिंप्याचं दुकान. आमच्या घरातले आजोबांपासूनचे कोट त्यांच्याकडचेच. छप्पन साली आपलं म्हैसूर राज्य मोठं झालं, त्याच्या आधी, ऐन पंचविशीत मला विषमज्वर झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हा हा गृहस्थ कुणाला न सांगता नवस बोलून बसला की रंगा उठला तर त्याला शिवगंगेच्या डोंगरावर नेऊन नंदीपुढे कापूर लावीन. मी उठलो. अंगात जरा ताकद आल्यावर एका रविवारी त्यानं मला आणि आमच्या दोघा दोस्तांना, पुंडलिकाला आणि मारुतीला, पहाटेच्या बसमध्ये कोंबलं. मला वाटलं, सहल आहे. दहीभाताचा एक डबा माकडांनी वाटेतच पळवला. शेवटच्या खोदीव पायऱ्या तर वाऱ्यामुळे आम्ही लोखंडी कठड्याला धरून अक्षरशः रांगत चढलो. शिखरावरच्या दगडी नंदीपुढे त्यानं कापराची पुडी काढली, तेव्हा कुठे मला नवसाचं कळलं.

"वेड लागलंय तुला," मी म्हणालो.

"स्वल्प गप राहा. नवस माझा आहे, तुझा नाही."

आमच्यात नवसाचा कापूर आपणहून जळून संपावा लागतो; मधेच विझला तर नवस फिटत नाही. आणि तिथं तर काडीसुद्धा धरेना. कापूर पेटे, विझे. पुंडलिक कंटाळून म्हणाला, "देवाला पोचलं रे, चल, भूक लागली." शामण्णा कसला ऐकतोय. त्यानं आम्हा तिघांना कोट काढायला लावले, त्यानंच शिवलेले, आणि ते पसरून आम्ही खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे उकिडवे बसलो. कापूर धरला. माझ्या कोटाचं अस्तर करपायला लागलं म्हणून मी हात मागं घेऊ लागलो.

"हलू नकोस," तो म्हणाला. "अस्तर नवं लावता येतं. तुला नवा कुठून आणू?"

कापूर पुरता जळेपर्यंत कुणी हललं नाही.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. कमळाक्का, त्याची बायको, तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "भावजी, हे आजारी पडले तेव्हा मीही बोलले होते, तिथलाच कापूर. आता तो फेडायचा, की राहू द्यायचा?"

देवानं मागितलेलं दिलं नाही तर फेडायचं कसलं. कुणीही हेच सांगितलं असतं. मीही तेच सांगणार होतो... पण ती वर बघेना, आणि हात सुपातच थांबले होते.

"वर काय काय लागतं?" तिनं विचारलं.

"वारा अडवायला तीन माणसं लागतात," मी म्हणालो. "तेवढे आम्ही उरलोय."