मास्टरच्या डब्याचं कुलूप

गावात त्याला सगळे मास्टर म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, शाळेत शिकवत असणार. पण सातवीनंतर मास्टरने शाळेत पाऊल टाकलं ते एकदाच, मुख्याध्यापकांच्या कपाटाची किल्ली हरवली तेव्हा. ज्या कपाटात कधीकाळी त्याची बेचकी जप्त होऊन पडली होती, ते त्याने समोरचा चहा निवायच्या आत उघडून दिलं. बेचकी काही मिळाली नाही. पण हरवलेल्या किल्ल्यांवर पोट भरणारा हा मास्टर, मास्टर-कीतला, हे त्या दिवशी शाळेलाही कळलं.

त्याचं दुकान म्हणजे बसस्टँडसमोरचं एक खोकं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, पुढ्यात कानस आणि पक्कड, पायाशी भंगारातल्या कुलपांची पाटी. लोक यायचे ते घामाघूम होऊनच. किल्ली आत आणि माणूस बाहेर, अशा वेळी भल्याभल्यांचा रुबाब उतरतो, आणि मास्टरला तो उतरलेला बघायला मनापासून आवडायचं.

मग एका जुन्या कचेरीतली लोखंडी तिजोरी जिन्यावरून खाली आणायची होती. उघडायची नव्हती, नुसती आणायची होती. दोर निसटला. आयुष्यभर ज्यांच्या पोटात शिरला, त्यांच्यातलीच एक मास्टरच्या पाठीवर बसली.

ऑपरेशन झालं, कण्यात स्क्रू बसले. "दुसऱ्याने बसवलेले स्क्रू, ढिले राहणारच," असं तो भेटायला येणाऱ्यांना सांगे. हसण्यावारी नेत होता, पण दुखणं हसण्याचं नव्हतं. कमरेत सुरू व्हायचं आणि मांडीच्या मागून पोटरीत उतरायचं, कुणी आतून हाडावर कानस ओढावी तसं. बसवेना, उभं राहवेना, आडवं झालं तर कूस बदलवेना. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच.

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. अफूच्या जातकुळीतली, जोरकस. सकाळी एक, संध्याकाळी एक. अख्खी गिळायची, चावायची नाही की फोडायची नाही, कारण ती पोटात हळूहळू सुटते, आणि फोडली तर दिवसभराचा ऐवज एकदम अंगात जातो. सोबत दारू नाही, झोपेचं औषध नाही. दुखणं वाढलं तर मनाने वाढवायची नाही, बरं वाटलं तर मनाने बंद करायची नाही, दोन्ही वेळेला आधी विचारायचं. जास्त झाली तर माणूस झोपतो आणि झोपेतच श्वास घ्यायचा विसरतो. बायको एकेक शब्द कान देऊन ऐकत होती. मास्टरच्या कानात शिरलं ते शेवटचं तेवढं: घरात लहान मूल असेल तर गोळ्या कुलपात ठेवा.

लहान मूल होतं. लेक कामावर जाताना आपली तीन वर्षांची पोर आईबापांकडे सोडून जायची. मास्टरने पत्र्याच्या डब्याला कडी ठोकली, आपल्या हाताने कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या गळ्यात दोऱ्याने अडकवली. त्या पोरीला काय, चांगल्या सराईत चोरालाही उघडणार नाही, असं तो म्हणाला. ते खरंच होतं.

गोळी लागू पडली. किती तरी दिवसांनी मास्टर पाठ टेकून झोपला. पोट तेवढं गच्च बसलं, तर बायको म्हणाली, "सगळ्या गावाची कुलपं उघडता, एवढं एक उघडत नाही होय?" आणि डॉक्टरीणबाईंनी त्यावरही औषध दिलं. नात दुकानातून घरी आणलेली भंगारातली कुलपं घेऊन फरशीवर मांडी घालून बसायची, भोकात काड्या घालायची आणि आजोबांसारखी जीभ बाहेर काढून कान लावायची. घर पुन्हा घरासारखं वाटू लागलं.

पण पुढे गोळी पुरेना. दुपार कलली की कानस पुन्हा हाडावर यायची. हे जाऊन सांगायचं होतं. मास्टरने सांगितलं नाही. तपासणीला गेला की "ठीक आहे" म्हणून मोकळा व्हायचा. त्याला भीती होती की तक्रार केली तर बाई म्हणतील, उपयोग होत नाही, बंद करू या. असली-नसली ती गोळी हातची जायची.

एका दुपारी बायको बेकरीतल्या पाकिटं भरायच्या कामावर होती आणि मास्टरने खाटेखालची वाकवलेली तार काढली. स्वतः लावलेल्या कुलपापुढे तो चोरासारखा बसला. कुलूप त्याला ओळखत असल्यासारखं लगेच उघडलं. त्याचा त्याला अभिमान वाटला, हेच वाईट. त्यानंतर वरच्या स्ट्रिपमधून बायको द्यायची आणि खालच्या स्ट्रिपमधून तो घ्यायचा. रिकामी घरं दिसू नयेत म्हणून पालथी घालून ठेवायचा. पुढे पुढे तर दुखणं यायची वाटही बघेना. गोळी चावली की लवकर चढते, हा शोध त्याने एकट्याने लावला. चावू नका म्हणून बाईंनी जे बजावलं होतं, तेच आता त्याला वापरायची रीत वाटत होती.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी बायको नाक्यापर्यंत दूध आणायला गेली. नात फरशीवर कुलपांत रमली होती. मास्टरने डबा खाटेवर घेतला, उघडला, एक चावली. मग बहुतेक आणखी एक. मग त्याचा डोळा लागला.

जाग आली ती गालावर बसलेल्या चापटीने. बायको त्याला गदागदा हलवत होती आणि तिचा चेहरा फार लांबवर, पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. डबा उघडा होता. स्ट्रिप खाली फरशीवर होती. शेजारी नात बसली होती आणि तिच्या बोटांना पांढरी भुकटी लागली होती.

बायको ओरडली नाही. तिने हलक्या आवाजात विचारलं, "हिने किती खाल्ल्या?"

मास्टरने स्ट्रिपकडे बघितलं. साधा हिशोब होता: राहिलेल्या गोळ्या मोजायच्या, आधी किती होत्या तो आकडा आठवायचा, फरक काढायचा. पण तो हिशोब त्यानेच रोज खालून कुरतडला होता. किती असायला हव्या होत्या हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या मीच खाल्ल्या, असं म्हणावंसं त्याला वाटलं. तसं असतं तर पोर वाचली असती. आणि तसं नसतं तर त्या एका वाक्याने मेली असती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "मी रोज काढतो गं. आज मी किती घेतल्या तेही आठवत नाही."

बायकोने नातीची हनुवटी धरली. गोळी खाल्लीस का म्हणून विचारलं. पोर हो म्हणाली. बिस्कीट खाल्लंस? हो. मग बायकोने विचारलं, "हत्ती खाल्लास?" पोर आनंदाने म्हणाली, "हो."

शेजाऱ्याच्या रिक्षात ती दोघांना घेऊन बसली. एका हाताने पोरीला टाळ्या वाजवायला लावत होती, दुसऱ्या हाताने नवऱ्याला चिमटे काढत होती. दोघांपैकी कुणी डोळा मिटला की तिचा जीव तोंडाशी येत होता.

दवाखान्यात दोन खाटा शेजारी शेजारी मिळाल्या. मास्टरच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. पोरीच्या नव्हत्या, पण ही गोळी सावकाश सुटणारी, आता ठीक दिसली म्हणून घरी सोडता येणार नाही, असं सांगून तिच्या बोटाला श्वास बघणारं यंत्र लावलं. मास्टरचा श्वास मंदावत चालला तेव्हा त्याला उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. उताऱ्याने गोळी उतरली आणि दुखणं चढलं. सगळं, एकदम, जिना आणि तिजोरीसकट. तो दातांत चादर धरून पडला. ओरडायची सोय नव्हती. शेजारी पोरीचा डोळा लागला होता, आणि ती नुसती झोपली आहे की आणखी काही, हे यंत्राच्या हिरव्या आकड्याखेरीज कुणाला सांगता येत नव्हतं. मधल्या स्टुलावर बायको त्या आकड्याकडे बघत बसली होती. लेक आली. बापाच्या खाटेला वळसा घालून पोरीपाशी गेली.

उजाडल्यावर पोर उठली आणि बिस्कीट मागितलं. तिला काही झालं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या, स्टूल ओढून बसल्या. त्यांनी एकच विचारलं, "खरं सांगा मास्टर, गोळी लागू पडते म्हणून घेता, की गोळी लागते म्हणून?"

मास्टरला रडू फुटलं. "दोन्ही," तो म्हणाला.

बाई रागावल्या नाहीत. दोन्हीवर उपाय आहेत, म्हणाल्या, पण दुखणं मला सांगायचं, डब्याला नाही. एकदम बंद करायची नाही, अंगाचे हाल होतील. हळूहळू कमी करू, दुखण्यासाठी वेगळं काही सुरू करू, वेळ लागेल. गोळ्या आता थोड्या थोड्याच मिळतील आणि बायकोच्याच हातात. नाकात मारायचा उताऱ्याचा फवारा घरी ठेवायला दिला आणि तो कसा मारायचा ते बायकोकडून करवून घेतलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला उघडता येणार नाही असं एक कुलूप बनवा."

मास्टर भंगाराची पाटी पुढ्यात घेऊन बसला. एकेक कुलूप हातात घ्यायचा आणि ते कसं उघडेल हे बोटांना आधीच कळायचं. एका पितळी कुलपाच्या भोकात मात्र तार आत जाईना. त्याने फुंकर मारली तर पांढरी भुकटी उडाली. पोरीने गोळी खाल्ली नव्हती. आजोबांना गोळी लागते तशी कुलपालाही लागत असेल, म्हणून तिने त्याला भरवली होती.

त्याने बायकोला हाक मारून ते दाखवलं, आणि खाटेखालची तार, दुकानातून घरी आणलेल्या सगळ्या तारा तिच्या ओंजळीत ठेवल्या. त्याला उघडता येणार नाही असं कुलूप त्याला बनवता आलं नाही.

आता डबा बायकोच्या पिशवीतून बेकरीत जातो आणि तिच्याबरोबर परत येतो. दुपार कलली की कानस हाडावर येते. मास्टर दाराशी खुर्ची टाकून बसतो, हात मांडीखाली दाबून धरतो आणि रस्त्याकडे बघतो. कधी कधी अंगाला घाम सुटतो, दातावर दात आपटतात. मग तो खरंच डॉक्टरीणबाईंना फोन लावतो आणि आज फार आहे, असं सांगतो. त्या कधी काही बदलतात, कधी नुसतं ऐकतात.

संध्याकाळी बायको येते, चप्पल काढायच्या आधी एक गोळी काढते, पाणी देते. तो अख्खी गिळतो.

"तोंड उघडा," ती म्हणते.

गावाची कुलपं उघडणारा मास्टर तोंड उघडतो. ती जिभेखाली बघते, मान डोलावते.

"लेकीचा फोन?" तो विचारतो. "पोरीला आणते म्हणाली का?"

"अजून नाही," बायको म्हणते आणि पिशवी खांद्यावरून उतरवून मांडीत घेऊन बसते.