कानपिळीचं घड्याळ

आयुष्यात एकच भारी घड्याळ माझ्या मनगटावर आलं, आणि ते मी कान पिळून मिळवलं होतं.

कान भाऊजींचा. ताईचं लग्न होतं. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि नवरदेवानं तो सोडवून घ्यायला भावाला काहीतरी द्यायचं, ही आपली रीत. काहीतरी म्हणजे बहुतेक शर्ट-पॅन्टचं कापड, तेही आधी ठरवून पिशवीत घालून ठेवलेलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. मिशी नुकतीच दिसायला लागली होती आणि ती चार लोकांनी पाहावी म्हणून मी धडपडत होतो. पिशवी पुढे आली तसा कान न सोडता म्हणालो, "कापड नको. घडी पाहिजे."

मांडवातल्या माना भाऊजींच्या मनगटावरच्या घड्याळाकडे वळल्या. कारण ती घडी साधी नव्हती. भाऊजींच्या काकांनी आखातातून आणलेली, पॅरिसच्या कुठल्याशा फॅशनच्या कंपनीची. सोनेरी, पापडासारखी पातळ, काळा चामडी पट्टा. तबकडीवर आकडे नाहीत, सेकंदकाटा नाही, नुसत्या बारीक रेघा आणि कंपनीचं नाव. ते नाव आमच्यातल्या प्रत्येकानं वेगळं वाचलं. सेल नाही, रोज चावी द्यायची. मूळचे हे लोक कपडे आणि अत्तरं करणारे, असं कळल्यावर आमचे बाबा म्हणाले होते, "कपडेवाल्याची घडी, ते शर्टाच्या बाहीले शोभली म्हणजे झालं. टाइम कोण पाह्यते."

भाऊजींनी घड्याळ काढलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या मनगटावर बांधलं. "चावी हळू देजो," ते म्हणाले. "माह्या कानाले लावला तेवढा जोर लावू नको."

ताईच्या सासूबाई, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्या दिवशी माझं मनगट नुसतं पाहून गेल्या. पुढे मी पहिल्यांदा बाभुळगावला ताईकडे गेलो, तेव्हा त्या ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या.

"आला का? बैस. किती वाजले रे?"

मी बाही वर सरकवून थाटात पाहिलं. रेघा मोजल्या. "पावणेपाच. म्हणजे, अंदाजे."

"अंदाजे तं मले उन्हावरूनही समजते. एवढी घडी नेली, अन् अंदाजे?"

आत स्वयंपाकघरात ताईनं पातेलं जरा जोरातच ठेवलं.

तेव्हापासून मी त्या घराची पायरी चढलो की प्रश्न ठरलेला. राखीला, संक्रांतीला, भाच्याच्या बारशाला. त्यांच्या चुलत दिरांच्या मयतीला मी तोंड पाडून गेलो, तर रडता रडता पदरानं डोळे पुसून त्यांनी हळूच विचारलं, "किती वाजले रे?"

माझं लग्न ठरलं तेव्हा घड्याळ घरी ठेवून जावं, एवढी अक्कल मला होती. पण फोटोत उघडं मनगट बरं दिसेना. ढाणकीच्या माझ्या साळ्यानं कान धरला आणि थेट म्हणाला, "घडी पाहिजे." त्याला कोणी शिकवलं होतं, ते विचारायची गरज नव्हती. भाऊजी गर्दीत पान चघळत, मांडवाच्या झालरी पाहत उभे होते.

पुढच्या भेटीत मावशींना मी रिकामा हात दाखवला. त्या म्हणाल्या, "आता तं अंदाजही गेला."

मी हसण्यावारी नेलं. ताईला ते कधीच जमलं नाही. यंदा दसऱ्याला मी गेलो, मावशींनी टाइम विचारला, तशी ताईनं मला ओढत मागच्या अंगणात नेलं.

"दिवाळी झाली की माह्या पोराचं लग्न हाय. त्याच्या हातात ते घडी पाहिजे मले. नवी नवरी होती मी, तवापासून ऐकून राह्यली. एकदा त्यायच्या डोळ्यासमोर घडी घरात आली की तोंड बंद होईन. नेली तू, तूच आण."

मी ढाणकीला गेलो. साळ्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. घड्याळ त्याच्याकडे होतं, चालूही होतं. "रोज चावी देतो जिजाजी. पण दुकानात घालत नाही. घातली की गिऱ्हाईक म्हणते, भाव कमी कर."

"परत पाहिजे होती रे. ताईसाठी."

"घ्या की. पण रीतीनं घ्या."

"म्हणजे?"

"कान पिळून घेतली मी. तुम्हीबी पिळा. पण आपल्या दोघांत नवरदेव तुम्ही, कान पिळणारा मी. मंग कसं करता?" असं म्हणून त्यानं गिऱ्हाइकांसमोर पुन्हा माझाच कान पिळला. मी एक सरकीच्या पेंडीचं पोतं विकत घेऊन घरी आलो. आमच्याकडे गाय नाही.

माझी हकीकत बायकोनं पोतं कोपऱ्यात सरकवता सरकवता ऐकली. भाऊबीजेला तिचा भाऊ आला, सण म्हणून घड्याळ घालूनच आला. तिनं ओवाळलं. त्यानं ताटात साडीची पिशवी ठेवली, तिनं ती बाजूला सरकवली.

"साडी नको. घडी टाक."

साळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "हा तुमचा डाव हाय."

"यायले कुठं डाव सुचते," बायको म्हणाली. "टाक लवकर, निरांजन विझून राह्यलं."

भाच्याच्या लग्नात घड्याळ त्याच्या हातात होतं. मावशी व्हीलचेअरवर, अगदी पुढे. ताईनं मला काम दिलं होतं: कानपिळीच्या आधी घड्याळ काढून खिशात घालायचं. फेरे झाले, मी स्टेजवर गेलो आणि भाच्याचा पट्टा सोडू लागलो.

"काहून काढून राह्यला रे?" खालून मावशींचा आवाज.

"कानपिळी हाय आता, मावशी. कोणी मागंल."

"मागू दे."

नवरीचा भाऊ शिकलेला, लाजाळू. त्यानं कानाला नुसता हात लावला आणि म्हणाला, "काही नको, आशीर्वाद द्या."

"नको कसं?" मावशी म्हणाल्या. "तुमची पोरगी नेऊन राह्यलो आम्ही, अन् तू रिकाम्या हातानं जातं? घडी माग."

त्यानं मागितली नाही, पण भाच्यानं काढून त्याच्या हातावर बांधली. ताईचा चेहरा मला पाहवेना.

"आई, किती मुश्किलीनं आणली ते," ती म्हणाली. "अन् तुम्हीच—"

"तू घरात आली अन् घडी गेली. माहं काय नुकसान झालं व?"

ताईनं मावशींच्या मांडीवरची शाल उगाच नीट केली. "मंग एवढे वर्षं इचारत काहून होत्या, किती वाजले म्हणून?"

"नसतं इचारलं तं हा बसला असता का माह्यापाशी? आला की सिद्धा तुह्या सैपाकघरात घुसे."

पंगतीत मावशींनी नवरीच्या भावाला जवळ बोलावलं. "काहो पाव्हणे, किती वाजले?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"ते ठेव. हातातलं पाहून सांग."

त्यानं बोटानं रेघा मोजल्या. "दोन... अंदाजे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

परवा बाभुळगावला गेलो होतो. मावशींनी गुडघ्याचं सांगितलं, नातसुनेच्या हातच्या भाकरीचं सांगितलं. मी वाट पाहत होतो. शेवटी निघताना मीच म्हणालो, "मावशी, आज टाइम नाही इचारला."

"तुले कायले इचारू? तुले कधी बरोबर सांगता आला?" मग बाजूची खुर्ची त्यांनी काठीनं माझ्याकडे सरकवली. "बैस. बस कितीची हाय तुही?"

मी पुन्हा बसलो. साडेपाचची होती. अंदाजे.