‘असूनसुद्धा’ला इंग्रजीत काय म्हणतात?

नसीमाचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. “ताई, मॅडम नहीं रहीं,” एवढंच म्हणून ती रडायला लागली. मॅडम म्हणजे सुमेधा, माझी मैत्रीण. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... आदल्या दिवशी तर आम्ही दोघी पडघ्याच्या बाजारात काकड्यांवरून भांडत होतो. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं असा रिवाज आहे, आणि सुमेधाविषयी चांगलं लिहायला मला काही कष्ट नाहीत. मला जड जातंय ते दुसरंच. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, जे झालं ते आठवलं की मान वर करवत नाही.

कोन गावात माझ्या दादाच्या गाळ्यांवर एक खोली आहे. तिथे आम्ही इंग्रजी बोलण्याचा वर्ग घ्यायचो. व्याकरण माझं, बोलणं तिचं. ती बौद्ध घरातली, शाळेत शिक्षिका. मी शेतकऱ्याची मुलगी, जिच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत. आमच्याकडे येणाऱ्या मुली त्याच गोदामांत पॅकिंगला. त्यातल्या काहींना फोनवरची ड्युटी मिळाली, परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. एका गिऱ्हाइकाने त्यांच्यातल्याच नसीमाला ‘तुम्ही लोक’ अशी सुरुवात करून असं काही ऐकवलं की ती शिफ्ट अर्धी टाकून थेट वर्गात आली. लागलं होतं खूप, पण साहेबाला नेमकं काय सांगायचं, त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. त्या आठवड्यात माझं व्याकरण बाजूला पडलं आणि सुमेधाने फळ्यावर नवेच शब्द लिहिले. ऑफेन्सिव्ह, म्हणजे मन दुखावणारं. स्लर, म्हणजे माणसाच्या जातीवरून, वंशावरून दिलेली शिवी. स्टिरिओटाइप, म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजणं.

मुलींनी या शब्दांची जी काही वाट लावली! ऑफेन्स हा शब्द त्यांनी फक्त पोलीस चौकीच्या संदर्भात ऐकलेला, “मॅडम, मग केस लागंल ना?” असं एकीने विचारलंच. आणि ‘नो ऑफेन्स’ ही त्यांना ‘नो पार्किंग’सारखी पाटी वाटली. इथे कुणी कुणाला टाकून बोलायचं नाही! सुमेधा हसून हसून बेजार झाली. मग म्हणाली, “बायांनो, उलटं आहे. हे म्हणायचं आणि मग खुशाल टाकून बोलायचं, अशी त्याची रीत आहे.” स्लरला मराठीत काय म्हणतात, असंही कुणीतरी विचारलं. तिने जरा विचार केला. “आपल्याकडे वेगळी शिवी लागत नाही गं. जातीचं नाव पुरतं, फक्त आवाज बदलायचा.” मी खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक बघत बसले.

ती काही संत नव्हती, हेही सांगते. एकदा वर्गात अर्ध्याच मुली आल्या म्हणून दारातच ती माझ्याशी पुटपुटली, “हे भय्ये लोक कधी वेळेवर आले तर शपथ.” मागे नसीमा उभी. तिच्या आजोबांपासूनची सगळी माणसं इथल्या कापडाच्या लूमवर, पण गाव अजून आजमगडकडचं. “मॅडम, उस भय्या लोग में मैं भी आती हूँ क्या?” तिने शांतपणे विचारलं. मी लगेच सारवासारव करायला पुढे झाले, त्यात माझा हातखंडा. सुमेधाने मला हाताने मागे सारलं. आत जाऊन आपलं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, “यातला कुठला शब्द लागू पडतो?” नसीमाच म्हणाली, “स्टिरिओटाइप.” “करेक्ट. आय ॲम सॉरी, नसीमा.” सुमेधाचे कान लाल झाले होते, पण आवाज कापला नाही.

दादा अधूनमधून वर्गात डोकावायचा. मनाने वाईट नाही तो. खोलीचं भाडं कधी मागितलं नाही. पण एकदा तिला म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडं बघून वाटत न्हाय हां.” सुमेधाने विचारलं, “काय वाटत नाही, दादा?” तो नुसता हसला. ती मात्र उत्तराची वाट बघत राहिली. मी म्हटलं, “चला, चहा घेऊ...”

पुण्यानुमोदनाला भंतेजींचं प्रवचन झालं, माणसं बोलली. दादाने माइक घेतला. “राग मानू नका, पन त्यांच्या समाजातली असूनपन बाई एकदम टापटीप, एकदम हुशार. आमच्या घरात कधी वेगली वाटली न्हाय.” तिच्या नवऱ्याने, मिलिंदरावांनी, हात जोडले. अशा कौतुकाला हात जोडायची त्यांना किती सवय असेल! तिची मुलगी जमिनीकडे बघत होती. नसीमा माझ्याकडे बघत होती. मला सगळे शब्द येत होते, अगदी स्पेलिंगसकट, आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले. परत येताना गाडीत दादाने विचारलं, “बरा बोललू ना मी?” त्याचे डोळे खरंच ओले होते. मी म्हटलं, “हो, छान बोललास.”

वर्ग आता नसीमा घेते. कुणी अर्धं वाक्य बोलून गप्प बसलं की तीही सुमेधासारखीच वाट बघते, पूर्ण होईपर्यंत. परवा जिन्यात तिने मला गाठलं. “ताई, उस दिन दादा ने जो बोला, उसके लिए तो वर्ड है. आप चुप रहीं, उसके लिए कौनसा है?” तिला खरोखरच शब्द हवा होता, टोमणा नव्हता तो.

सुमेधावर मी लिहितेय म्हटल्यावर दादा खूश झाला. “मी काय बोललू तेपन टाक,” म्हणाला. टाकलंय, एक अक्षर बदललेलं नाही. रविवारी पेपरची ही पुरवणी तो ओटीवर बसून वहिनीला मोठ्याने वाचून दाखवतो. आजही दाखवत असेल. दादा, गाडीत तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. तू बरं बोलला नाहीस.