दगडूमामांचे तीन कडुबा

आमच्या शहराच्या मस्तगड भागातल्या एका दवाखान्यात दगडूमामा कंपाउंडर कुणाला नाव विचारायचेच नाहीत. खिडकीतून चष्म्यावरून बघत म्हणायचे, "गाव कोणतं? मळा कोणता?" उत्तर संपायच्या आत मागच्या फळीवरून बरोबर केसपेपर बाहेर! तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत, असं लोक सांगायचे. मला ती थाप वाटायची.

दोन हजार सालानंतर तिथे कॉम्प्युटर आला आणि पेशंटच्या यादीचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. नुकता डिप्लोमा झालेला, अंगात मस्ती भरपूर. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी हे सुरू झालं की मामा, तुम्ही घरी आराम करा." मामांनी मान डोलावली, पण त्यांचा चहा तसाच गार झाला. माझ्यामुळे त्यांची खिडकी जाणार होती आणि, खरं सांगते, मला त्याचं काहीच वाटलं नाही.

माझी रचना सोपी होती. पेशंटचं नाव ही किल्ली, म्हणजे नोंद शोधायची खूण, आणि नावामागे त्याचा केसपेपर नंबर. पडद्यावर नावांची यादी दिसणार, नावावर टिचकी मारली की नंबर हजर. सोमवारी कुंभार पिंपळगावचा कडुबा शिंदे तापानं फणफणत आला. मी ऐटीत टिचकी मारली, निघालेल्या नंबरचा पेपर आत धाडला. डॉक्टर पेनिसिलिनची सुई भरू लागले आणि शेवटचा दिवस म्हणून खिडकीत बसलेले मामा उठून धावले.

"थांबा डॉक्टरसाब! हा पेपर अंबडच्या कडुबाचा हाय. ह्या पिंपळगावच्याला मागं ही सुई दिल्ती, तं सगळं अंग सुजून आल्तं!"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. मामा पडद्याजवळ आले. "कडुबा शिंदे तीन हायेत, पोरी. तुह्या यादीत एकच दिसून राह्यला. दोघं कुठं गेले?"

कुठं जाणार! एका किल्लीवर एकच नोंद राहते, आणि मी तिघांना बसवलं होतं. शेवटचा राहिला, आधीचे दोघे पुसले गेले. आमच्याकडे गावोगाव कडुबा, आणि हे इथल्याच पोरीला सुचू नये! लाज वाटली मला.

हे मी सांगितलं तरी मामा रागावले नाहीत. "मंग नंबरालाच किल्ली कर. नंबर ज्याचा त्याचा. दिसायला मात्र नाव, बापाचं नाव अन् गाव दिसू दे. मी तीस वर्षं हेच करून राह्यलो न्हाई का?"

तीन दिवस मामा शेजारी बसून बाप आणि गावं सांगत होते, मी भरत होते. शुक्रवारी यादी उघडली. तीन कडुबा, एकाखाली एक, आपापल्या गावासकट! पिंपळगावच्या कडुबावर मामांनी स्वतः टिचकी मारली. नंबर बरोबर! बाकावरच्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर बाहेर आले. "मामा, खुर्ची पुढे ओढा. खिडकी तुमची, कॉम्प्युटरही तुमचाच."

"बिलकुल बराबर," मामा माझ्याकडे बघत म्हणाले. मी तर नाचायचीच बाकी होते.

पुढे कितीतरी वर्षं मामांनी ती खिडकी चालवली. ते गेले तेव्हा त्यांच्या दारात मोठी गर्दी होती. एक जण हात जोडून म्हणाला, "ताई, मी कडुबा."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "गाव कोणतं?"

"कुंभार पिंपळगाव," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही रडायला लागलो.