अक्कांचा एकच प्रश्न

पुस्तकात बोट अडकवून, चष्मा कपाळावर ढकलून अक्का विचारायच्या, “यामा मानूस कोठे शे?” यात माणूस कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न. धुळ्यात आमच्या गल्लीत त्यांची छोटी लायब्ररी होती आणि रहस्यकथा-भयकथांवर त्यांचा भारी जीव.

त्यांची परीक्षा साधी होती. पहिला खून होईपर्यंत वाचायचं, मग पुस्तक मिटून मेलेल्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे ते सांगायचं. काहीच सांगता आलं नाही, तर पुस्तक मागच्या मांडणीवर. तिथे धूळच वाचायला यायची.

“तीन पानं बंगल्याची जळमटं,” एकदा त्या वैतागल्या. “आणि आत जाणारी बाई चहात साखर घेते की नाही, पत्ता नाही. तिला भूत धरो नाहीतर ताप येवो, मला काय त्याचं?”

“पण अक्का, अंगावर काटा येतो,” एक गिऱ्हाईक म्हणालं.

“काटा थंडीनेही येतो, भाऊ.”

अशा बाईच्या हातात मी माझी पहिली भयकादंबरी दिली. बँकेतल्या मैत्रिणींनी कौतुक केलं होतं, पण मला अक्कांची पुढची मांडणी हवी होती. बरेच दिवस त्या भरताच्या वांग्यांवर बोलत राहिल्या, पुस्तकावर अवाक्षर नाही. माझा जीव टांगणीला.

शेवटी मीच विचारलं. कादंबरीतला म्हातारा वॉचमन मरतो, त्या पानात त्यांचा चष्मा होता.

“पुढे वाचवेना, पोरी. डबा उघडला की पहिली भाकरी कुत्र्याला घालायचा बिचारा. मारायला नको होतंस त्याला.”

डोळे पुसून त्यांनी पुस्तक पुढच्या मांडणीवर ठेवलं. मी कशी फुगून घरी गेले ते काय सांगू. तो अभिमान अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आता लायब्ररी बंद आहे, अक्काही नाहीत. शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. मला ओळखायला वेळ लागला, पण ओळखल्यावर पहिला प्रश्न आला, “वॉचमनच्या बायकोचं पुढे काय झालं?”

ते मी लिहिलंच नव्हतं.

“फैजपूरला भावाकडे गेली, अक्का. केळीच्या मळ्यात काम करते. बरी आहे.”

“आणि कुत्रं?”

“तेही नेलं तिने.”

“मग ठीक शे,” म्हणाल्या आणि निवांत कुशीवर वळल्या.