न फाडलेल्या नोटिसा

खुनाचे, दरोड्याचे तपास मी पुष्कळ केले. आता ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता चाकू कोणत्या पंचनाम्यातला, हे मला सांगता यायचं नाही. पण सहा कागद चोरीला गेल्याचा एक तपास मात्र बारीकसारीक गोष्टींसह लक्षात राहिला आहे. तो आठवला की अजून गंमत वाटते आणि थोडं वाईटही वाटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तंजावूरला इन्स्पेक्टर होतो. घरही तिथलंच, राजवाड्यामागच्या गल्लीतलं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, असा वाढलो. देवनागरी वाचायला मी पुढे नोकरीत असताना हट्टाने शिकलो. त्या दिवसांत गावात रोज काहीतरी नवीन उघडत होतं. आज एसटीडीचा बूथ, उद्या संगणकाचा वर्ग. तक्रारीही नवनव्या येत. तरी सब-रजिस्ट्रार बाईंचा लेखी अर्ज ठाणे अंमलदाराने वाचून दाखवला तेव्हा सगळं ठाणं हसलं. कचेरीच्या फळ्यावरून लग्नाच्या नोटिसा चोरीला जात होत्या.

बाई स्वतः समोर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते," त्या म्हणाल्या. "ती तीस दिवस फळ्यावर राहिली पाहिजे. कोणाची हरकत आली नाही, तर मी लग्न लावते. वीस दिवसांत सहा नोटिसा लावल्या. आज फळ्यावर एकही नाही. आता या सहा जोडप्यांना मी काय उत्तर देऊ?"

अर्जाची नोंद स्टेशन डायरीत घेतली आणि हेड कॉन्स्टेबलला घेऊन मी कचेरीत गेलो.

फळा ओसरीत होता, दस्तलेखकांच्या बाकांसमोरच. खरेदीखत करायला आलेले जमीनदार तिथे तासन्‌तास ताटकळत बसत आणि दुसरं काही करायला नसल्यामुळे फळा वाचत. नोटिशीवर नाव, वय, धंदा, पत्ता सगळं असायचं. म्हणजे पळून जाऊन लग्न करणाऱ्यांची बातमी गावाला देण्याची ही सरकारी सोयच होती, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

मी फळ्यावरून बोट फिरवलं. रागाने नोटीस काढणारा माणूस कागद ओढतो. अर्धा त्याच्या हातात येतो, अर्धा खळीला चिकटून राहतो. इथे एक चिटोरंही नव्हतं. लाकडावर सहा पुसट चौकोन आणि त्यांच्या कडा सरळ. कोणीतरी खळ भिजवून, दम धरून कागद अख्खे उतरवले होते.

"सार, चोर फारच सभ्य दिसतो," हेड कॉन्स्टेबल म्हणाला.

दोन दिवसांनी खबर आली. एक दस्तलेखक ठाण्याच्या दारात घुटमळत होता. आधी त्याने आपलं नाव कुठे येणार नाही अशी हमी घेतली, मग हळूच म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे उठतो. एक म्हातारे गृहस्थ मात्र बसून राहतात. लग्नाची जुनी नोंद शोधायला येतात म्हणे."

मी कारकुनाकडून नोंद शोधण्याचे अर्ज मागवले. एकाच माणसाचे चार अर्ज निघाले. स्वतःच्याच लग्नाची नोंद हवी होती आणि प्रत्येक अर्जात साल वेगळं होतं. कारकून कळवळून म्हणाला, "बिचाऱ्यांना आठवत नसेल." मला ते पटेना. लग्नाचं साल विसरलेला नवरा बायकोसमोर चार दिवस टिकत नाही. शिवाय त्या पिढीत लग्न कचेरीत नोंदवलं होतं कोणी? नोंद सापडणार नव्हती, आणि सापडत नव्हती म्हणूनच पुन्हा पुन्हा यायला निमित्त मिळत होतं.

अर्जावरचं नाव वाचलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. हे गृहस्थ आमच्याच गल्लीतले. जुन्या पोथ्यांची डागडुजी करण्यात जन्म गेलेला. बाईंच्या सूचना-वहीत सहाही नोटिसांची नोंद होती, तीही पाहिली. त्यांतली एक यांच्या मुलीची. मुलगी संगणकाच्या वर्गात शिकवत होती आणि नवरा मुलगा पापनाशमचा, ख्रिस्ती, त्याच वर्गातला मास्तर. मला वाटलं, उलगडा झाला. बाप मुलीचं लग्न मोडायला निघाला आहे आणि त्या भरात आणखी पाच लग्नं अडवतो आहे. खरं सांगतो, मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांना ठाण्यात बोलावलं. आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर कापडी पिशवी. मी कॉफी मागवली आणि इकडचं तिकडचं बोलत राहिलो. अर्जांबद्दल विचारलं, तर म्हणाले, "वय झालं राव, सालं ध्यानांत राहत नाहींत." आवाज जरासुद्धा हलला नाही. सरळ विचारून हे बोलणार नाहीत, हे मला कळलं.

भिंतीवर जुनं ड्युटीपत्रक चिकटवलेलं होतं. मी हेड कॉन्स्टेबलला म्हटलं, "ते काढून टाक रे, जुनं झालं." त्याने कोपरा धरला आणि खसकन ओढला.

म्हातारे ताडकन उठले. "अहो, असं वोढूं नका कीं! वल्लं करा आधीं! कागद काय पाप केला?"

हेड कॉन्स्टेबल फाटका कोपरा हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. म्हाताऱ्यांनी एकदा त्या कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच खाली बसले. मग पिशवीतून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये जपून ठेवलेल्या सहा नोटिसा काढून टेबलावर ठेवल्या. एकीचीही कड दुमडलेली नव्हती.

"फाडाव्या म्हटलं. हात गेला नाहीं," ते म्हणाले.

"लग्न मोडायला निघालात ना? मग फाडायला काय झालं?" मी खेकसलोच.

"मोडायास?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "राव, मोडूं नये म्हणून काढलीं!"

मग सगळं बाहेर आलं. घरात मोठ्या भावाचं, अण्णांचं, राज्य. शेती त्यांच्या हातात, शब्द त्यांचा. पुतणीसाठी त्यांनी कोयंबतूरचं स्थळ पक्कं केलं होतं आणि ती नाही म्हणाली तर उचलून नेईन, असं चारचौघांत बजावलं होतं. हे गृहस्थ घराच्या कागदासाठी एकदा कचेरीत गेले आणि फळ्यावर मुलीचं नाव वाचलं. तिने घरात चकार शब्द काढला नव्हता. पण खरेदीखतांसाठी अण्णा दर आठवड्याला त्याच ओसरीत बसायचे.

"अण्णांस दिसलं तर त्याच संध्याकाळीं पोरीस कोयंबतूरास नेतील म्हणून भय वाटलं. एकच काढली तर कळेल कीं, म्हणून सगळीं काढलीं. आतां दहा दिवस राहिले. मग कोणीं कांहीं करूं शकत नाहीं."

ते बोटांवर दिवस मोजत होते. मला पुढचं सांगणं जड गेलं, पण सांगितलं. फळ्यावर नसलेल्या नोटिशीचे दिवस बाई धरणार नव्हत्या. सहाही जोडप्यांचे तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होते.

त्यांचं बोट तसंच अर्ध्यात थांबलं. "म्हणजे मींच पोरीचं लग्न लांबवलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते रडले नाहीत. पंच्याने तोंड पुसलं आणि टेबलावरच्या नोटिसांच्या कडा पुन्हा एकसारख्या केल्या. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला त्यांची दया आली, आणि स्वतःची लाज वाटली.

गुन्हा दाखल केला असता तर नावं कोर्टात गेली असती आणि अण्णांपर्यंतही पोहोचली असती. मी बाईंना सगळं सांगितलं. दिवसांच्या बाबतीत त्या तसूभर हलल्या नाहीत, पण नोटिसा सापडल्या, पुढील कारवाई नको, असं त्यांनी लिहून दिलं. माझी एक अट होती. बाकीच्या पाचही जोडप्यांची समोर उभं राहून माफी मागायची. बाईंनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं आणि म्हाताऱ्यांनी प्रत्येकापुढे हात जोडले. एका मुलाने तोंडावर चांगलंच सुनावलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

पुढचं आताच सांगून टाकतो. अण्णांनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. बाप पहिल्यांदाच मुलीच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि हलला नाही. हेड कॉन्स्टेबलही आमच्या गल्लीत उगीचच चार फेऱ्या जास्त मारत होता. कोयंबतूरचं स्थळ परत गेलं आणि एकतिसाव्या दिवशी लग्न लागलं.

चोर कोण ते मी बरोबर ओळखलं होतं; चोरी कशासाठी, ते साफ चुकलो होतो. पोलिसाला हात ओळखता येतो आणि मग मनही ओळखलं असं त्याला वाटू लागतं. त्यानंतरच्या नोकरीत आरोपी सापडला की मी मुद्दाम कॉफी मागवायचो आणि "का?" हा प्रश्न, उत्तर माहीत आहे असं वाटत असलं तरी, विचारायचोच.

पण मला आठवतो तो नोटिसा परत लागल्या तो दिवस. शिपाई खळीचा डबा घेऊन आला, तर म्हाताऱ्यांनी ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला. पाच नोटिसा लावल्या. सहावी, मुलीची, त्यांनी फळ्याच्या बरोबर मधोमध धरली, ओसरीत बसलेल्या कोणालाही वाचता येईल अशी.

तेवढ्यात मुलगी ओसरी चढली. बाईंचं बोलावणं तिलाही होतं, पण यायला उशीर झाला होता आणि तिला काहीच माहीत नव्हतं. बापाच्या हातात आपलं नाव पाहून ती खांबाशी थबकली.

"अप्पा, तुम्हांस ठाऊक होतं?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तळहाताने कागदाखालची हवा काढत राहिले.

"सरळ लागलं कां बघ," ते म्हणाले. "मग घरास जाऊं. अण्णांस मींच सांगतों."