दातेरी रेघ

ऐंशीच्या दशकात, हिवाळ्यातल्या एका मंगळवारी, मोहोपाड्याजवळच्या एका रंग-कारखान्याच्या प्रयोगशाळेत लेझरचं मोजमाप पहिल्यांदा संगणकाने केलं. मी तिथे अहवाल टाइप करत असे.

लेझरचा लाल किरण रंगाने भरलेल्या काचनळीतून जाऊन पलीकडच्या प्रकाशमापकावर पडे. रंग जितका गढूळ, तितका आकडा कमी. आठ वर्षं हा आकडा भिसेगावच्या एक बाई मापकाची सुई पाहून वहीत लिहीत होत्या. आता संगणक सेकंदाला दहा आकडे घेऊन टीव्हीच्या पडद्यावर रेघ काढणार होता. मुंबईच्या तरुण इंजिनिअरने तीन महिने खपून जोडणी केली होती. चार वाजता मोठे साहेब येणार होते. रेघ पटली नाही, तर यंत्र आणि इंजिनिअर दोघेही परत जाणार होते.

अकराला बटण दाबलं. पडद्यावर हिरवट रेघ सरकू लागली आणि आम्ही सगळे ओरडलो. मग लक्षात आलं, सरळ यायला हवी ती रेघ कंगव्यासारखी दातेरी होती. इंजिनिअरने प्रोग्रॅम दोनदा तपासला. चूक सापडेना.

"बाई, तुमच्या वहीत आकडा एकच आहे. इथे नाचतोय."

"सुई पन नाचायचीच की, साहेब. दोन टोकं बघायची न् मधला आकडा लिवायचा."

"आठ वर्षं? कुणाला सांगितलं नाहीत?"

"इचारलं कुनी? तुमच्या डब्याला तेवढी अक्कल नाय, दिसंल ते काढतो."

हशा उसळला. इंजिनिअर मात्र दाते मोजत होता. भिंतीपलीकडच्या पंपाच्या प्रत्येक ठोक्याला एक दाता उमटत होता. बाई तडक बाहेर गेल्या. पंपावर त्यांच्याच आळीतला माणूस होता.

"दोन मिनटं बंद ठेव रं."

"फोरमन मान धरंल माझी!"

"धरू दे, मी सोडवते."

पंप थांबला. पडद्यावरची रेघ सरळ झाली. बाई दारातूनच ओरडल्या, "झाली का?" पंप सुरू झाला, दाते परत आले. तेव्हा टाळ्या पडल्या.

पंपाच्या ठोक्यांनी लेझरचं टेबल हादरत होतं, दोष तिथे होता. पंप कायमचा बंद ठेवता येणार नव्हता. गॅरेजमधून टेंपोच्या चार जुन्या ट्यूब आणल्या, अर्ध्या फुगवल्या आणि हादरे जिरावेत म्हणून टेबलावर फरशीच्या जड लादीखाली घातल्या. लादीवर लेझर, नळी, मापक पुन्हा नेमके बसवायला अडीच तास लागले. बाईंनी किरण मापकाच्या मधोमध आणून दिला.

मोठे साहेब चार वाजून दहा मिनिटांनी आले. पंप चालू होता. पडद्यावर रेघ सरळ होती. त्यांनी एक तास ती पाहिली आणि यंत्र मोहोपाड्यातच ठेवण्याच्या कागदावर सही केली.